टाळीची जागा

आत्या

अण्णांची चावीची वाजती डबी थोरल्यांनी स्वतःहून आणली. कोणी मागितली नव्हती. काचेच्या कपाटाची किल्ली त्यांनी आजवर सख्ख्या बहिणीच्या, आत्याच्याही हातात दिली नव्हती, आणि आज ते टॉवेलात गुंडाळलेली डबी बगलेत धरून दुकानात शिरले, बाकावर उघड्या पडलेल्या अकॉर्डियनच्या शेजारी ती ठेवली, आणि टॉवेलाची नीट घडी घातली. 

"ऐका," ते म्हणाले. "एकदा ऐका, मग सांगा मला, बदल कशाला म्हणतात ते."

आत्याने अकॉर्डियनचा भाता बाजूला सरकवला. दुकान तिचं, वाद्यं दुरुस्त करायचं. पूर्वी ते अण्णांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं होतं, तेव्हा इथे घड्याळं लटकत. आता सरस, नमदा, व्हायोलिनच्या तारांची भेंडोळी, आणि बसायला फक्त दोन स्टुलं. एकावर धाकटी वहिनी बसलेली, मधला भाऊ गेल्यापासून जी कधीच पाठ टेकून बसली नाही. तिची मुलगी टिचकी एका रिकाम्या खोक्यावर. लहानपणी ती पाण्याच्या थेंबापासून शिलाई मशीनपर्यंत कशावरही टिचक्या वाजवायची, तेव्हापासून टिचकी. आणि दाराशी, फोन हातात धरून, थोरल्यांची स्वतःची वकील लेक.

"वकीलसाहेब, बसा की," आत्या म्हणाली. "उभं राहिल्यावर फी वाढते का?"

"आज फी नाही, आत्या. आज दोन्हीकडून शिव्या."

ते खरं होतं. टिचकीने अण्णांच्या चालीवर गाणं केलं होतं. एका सिनेमाच्या शेवटी ते येणार होतं, तिचं पहिलं. कंपनीला अण्णांच्या सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या, संध्याकाळपर्यंत. सह्या नाहीत तर चाल नाही. शब्द तिचे राहतील, चाल दुसऱ्या कोणाची तरी बसवतील. धाकटीने आणि टिचकीने सह्या केल्या होत्या. आत्याने केली नव्हती. "दादा करेल, मग मी," असं ती आठवडाभर म्हणत होती, आणि म्हणताना स्वतःलाच थोडी भित्री वाटत होती.

दादा करत नव्हता.

थोरल्यांनी चावी फिरवली. फणीचे पोलादी दात, फिरता रूळ, रुळावरचे बारीक खिळे. खिळा दाताला उचलतो, सोडतो, सूर निघतो. अण्णांनी चाल बांधली ती कागदावर नाही, या रुळावर. एकेक खिळा हातोडीने ठोकून. चाल निघाली, चढली, वळली, आणि ओळीच्या शेवटी, जिथे कोणालाही वाटेल की आता एक सूर येणार,

तिथे काही नाही. मग पुढची ओळ.

बागेत थोरल्यांचा बँड हीच चाल शेवटी वाजवायचा. त्या रिकाम्या जागेवर सगळी बाग एक टाळी द्यायची. आत्याने लहानपणी ती टाळी देऊन देऊन तळहात लाल केले होते. आता थोरले बँडमधून निवृत्त झाले होते, पण बागेत टाळी अजून पडत होती.

"ऐकलंत?" थोरले म्हणाले. "अण्णांनी ती जागा मोकळी ठेवली. आणि हिने तिथे सूर घुसवलाय."


लेक

तिने हे घरी जेवताना तीनदा समजावलं होतं. आता चौथ्यांदा.

"एखाद्या चालीवरून नवं गाणं केलं की त्याचे दोन थर होतात. खालचा अण्णांचा, म्हणजे आता आपल्या सगळ्यांचा. वरचा टिचकीचा. वरच्या थरात तिने जे नवं घातलं ते तिचंच, ते आपण घेऊ शकत नाही. पण खालच्याला विचारल्याशिवाय तिला ते बाजारात नेता येत नाही."

"वर मजला चढवायचा तर खालच्याची परवानगी," धाकटी म्हणाली.

"बरोबर, काकू."

"आणि खालच्या मजल्यावर भाऊजी राहतात."

"मी एकटा राहत नाही," थोरले म्हणाले. "तूही राहतेस, धाकटे. तुझा नवरा अण्णांचाच मुलगा होता."

"तो असता तर पहिली सही त्याची असती."

"तो असता तर त्याने पोरीला दोन शब्द सांगितले असते. अण्णांची चाल निम्म्या वेगाने गायची, रडवी करायची, आणि जिथे सगळं गाव थांबतं तिथे, काय तो शब्द?"

"ये," टिचकी म्हणाली.

"तिथे 'ये'."

सगळ्यांना ओळ माहीत होती. *दार मी लोटलंय नुसतं, कडी नाही, ये.* मधला भाऊ रात्रपाळीहून यायचा तेव्हा धाकटी दाराला कडी लावत नसे. ते टिचकीने लिहिलं होतं. थोरल्यांनाही ते माहीत होतं, आणि म्हणूनच ते 'ये' म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली आला हे लेकीने पाहिलं.

तिच्या हातातल्या फोनवर कंपनीच्या वकिलाचा निरोप होता. तिने तो आतापर्यंत दाखवला नव्हता.

"दुसरा एक रस्ता आहे," ती म्हणाली. "कंपनी सुचवतेय. चाल इतकी बदलायची की अण्णांची म्हणून ओळखूच येणार नाही. दोन वळणं काढून टाकायची, उतरण उलटी करायची. मग अण्णांच्या चालीवरून नुसती कल्पना सुचली, एवढंच उरतं. मग कोणाचीच सही नको. बाबांचीसुद्धा."

म्हणताना तिने वडिलांकडे पाहिलं नाही. घरी ती त्यांच्या ताटात वाढते आणि इथे त्यांना वगळायची वाट दाखवतेय. पण एकीची बहीण, एकाची मुलगी आणि वर वकील, तिघींपैकी कोणीतरी हे सांगायलाच हवं होतं.

बाबा टॉवेलाची घडी सरळ करत. आत्या टेबलावरचा स्क्रू उगाच फिरवत.

नकार आला तो धाकटीकडून.

"नको," ती म्हणाली. "भाऊजींना टाळून नको. भांडून घेऊ. चोरवाटेने नको."

थोरल्यांनी मान वर केली. या घरात धाकटी त्यांच्या बाजूने बोलली असं कधी झालं होतं, त्यांना आठवेना.

"आणि ओळखू आली नाही तर गायची कशाला?" टिचकी म्हणाली. "मला ती ओळखू यायलाच हवी आहे, ताई."


सगळे

(हा भाग एकाच्या डोळ्यांनी सांगता येत नाही. सगळे एकदम बोलत होते. म्हणून बँडच्या कागदावर लिहितात तसं, एकाखाली एक.)

आत्या: दादा, डबी हळू चालतेय.

थोरले: म्हातारी झाली.

आत्या: म्हातारी नाही, कोरडी. तेलाचा थेंब घालते. कपाटात ठेवून ठेवून तिचं लोणचं केलंस तू.

थोरले: हात नको लावूस.

आत्या: मी इथे दिवसभर दुसरं काय करते? लोकांची पोरंबाळं असल्यासारखी वाद्यं उघडते. आपल्या घरची तेवढी नको?

लेक: बाबा, उघडू दे. कंपनी विचारतेय, मूळ चाल नेमकी काय आहे. तुम्ही म्हणता टिचकीने मूळ बिघडवलं. मग मूळ एकदा नीट बघून लिहून देऊ.

थोरले: बघा. बघाच. तिथे खिळा नाही हे तुमच्या डोळ्यांनी बघा.

आत्या: भिंग दे, टिचके. त्या डब्यात. नाही, गोळ्यांच्या डब्यात.

टिचकी: आत्या, भिंग गोळ्यांच्या डब्यात का?

आत्या: गोळ्या घ्यायची आठवण राहते.

(ती झाकण काढते. पुसते. वाकते. बराच वेळ वाकलेली.)

आत्या: दादा.

थोरले: हं.

आत्या: खिळा आहे.


आणि इथे



धाकटी

धाकटी कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांसाठी, एका छोट्या प्रयोगशाळेत, गेली कित्येक वर्षं. म्हणून नणंदेने भिंग पुढे केलं तेव्हा तिला आधी रुळावरचा खिळा दिसलाच नाही. तिला समोरची फणी दिसली.

"एक दात नाहीये," ती म्हणाली.

"तेच म्हणतेय मी."

जाडा, खालच्या सुरांकडचा एक दात मुळापासून गेलेला. रुळावर त्याच्यासमोर एकच खिळा. अख्ख्या चालीत तो सूर एकदाच होता, ओळीच्या शेवटी. खिळा दर फेरीला इमानाने वर यायचा, आणि उचलायला काही नसायचं.

म्हणजे अण्णांनी ती जागा मोकळी ठेवलीच नव्हती.

धाकटीला हसू आलं. ते तिने ओठांत धरलं, कारण भाऊजींचा चेहरा कोणीतरी भर बाजारात तोंडात मारल्यासारखा झाला होता. इतकी वर्षं तिला या माणसाचा राग होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती स्वयंपाक करताना ही चाल गुणगुणत होती, आणि यांनी दारातून सांगितलं होतं, "तिथे थांबायचं असतं." साधी गुणगुण, तीसुद्धा तपासून घेणारा माणूस. आज त्याला धरायला काही उरलं नव्हतं. तिला वाटलं होतं, हे बघायला मजा येईल. आली नाही.

"कोणता सूर होता?" टिचकीने विचारलं.

"कळेल ना," आत्या म्हणाली. "फणीत दात लांबीच्या क्रमाने असतात. याच्या डावीकडचा हा, उजवीकडचा हा. मधला एकच उरतो." तिने अकॉर्डियन मांडीवर घेतलं. उघडं, एका बाजूने फुसफुसणारं. ओळ वाजवली, आणि शेवटी तो सूर.

सगळ्यांनी ऐकलं.

"परत," थोरले म्हणाले.

तिने परत वाजवलं. ओळ नीट मिटली, डब्याला झाकण बसावं तशी. त्यात काही चूक नव्हती. काही विशेषही नव्हतं.

"हे आपलं गाणं नाही," थोरले म्हणाले. मग थोड्या वेळाने, "हेच आपलं गाणं होतं का?"

"माझ्या सुराशीही जुळत नाही," टिचकी हळूच म्हणाली. "माझा वरचा आहे. हा खालचा."

"म्हणजे कोणाचंच बरोबर नाही," आत्या म्हणाली. "मस्त. मिटलं."

लेक दारापासून पुढे आली. "मिटलं नाही. बाबा, तुम्ही ही चाल कोणाकडून शिकलात? अण्णा गाऊन दाखवायचे?"

"अण्णा? त्यांचा गळा म्हणजे तेल न घातलेली बिजागरी. मी डबीवरून शिकलो. वाजवून वाजवून. शाळा संपायच्या वयात. मग बँडसाठी मी ती उतरवली, क्लॅरिनेटला वेगळी, ट्रंपेटला वेगळी, खालून ट्रॉम्बोन."

"आणि त्या जागी सगळ्यांना थांबवलं."

"डबी थांबत होती म्हणून."

"डबी थांबत नव्हती, बाबा. डबी तुटली होती. थांबलात तुम्ही."

थोरल्यांनी डबीकडे पाहिलं.

"म्हणजे बागेत लोक टाळी देतात ती अण्णांच्या चालीवर नाही," लेक म्हणाली, आणि धाकटीच्या लक्षात आलं की वकीलसाहेबांचा आवाज आता वकिलाचा राहिला नाही. "ती तुमच्या चालीवर. अण्णांच्या चालीवरून तुम्ही केलेल्या. टिचकीने केलं तेच तुम्ही केलंत. फक्त तुमच्याकडे कोणी सही मागितली नाही."

"मी काही केलं नाही. मी नुसता थांबलो."

"एक जागा रिकामी सोडली एवढ्यावर कोर्ट काय म्हणेल, खरंच सांगता येत नाही. पण ती ट्रंपेटची मांडणी, तो खालचा ट्रॉम्बोन, ते नक्की तुमचं. आणि टिचकीच्या गाण्यात ते आहे. आहे ना?"

"आहे," टिचकी म्हणाली. "मी डबीवरून शिकलेच नाही, काका. डबी तर कपाटात होती. मी बागेत शिकले. तुमच्याकडून."

धाकटी अजून भिंगातूनच बघत होती. सवय. कवळीचा तुटका दात हातात आला की ती आधी तुटलेली कड बघते. खडबडीत कड म्हणजे अपघात.

"भाऊजी," ती म्हणाली. "हा नुसता तुटलेला नाही. नंतर कोणीतरी कड घासून गुळगुळीत केलीय. कानशीने."


थोरले

खर्र.

हे ते विसरले होते. आता ऐकू आलं, दुकानात नाही, डोक्यात. ते डबीवरून चाल शिकत होते तेव्हा त्या जागेवर एक बारीक खर्र व्हायचं. नखाने पत्रा ओढावा तसं. खिळा तुटक्या कडेला घासत असणार. त्यांनी ते चालीतून वगळलं होतं, जसं आपण बोलणाऱ्याचा खोकला वगळतो. मग एके दिवशी ते बंद झालं होतं.

"दात बसवायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"नवा?" आत्या म्हणाली. "पोलाद कापायचं, झाळायचं, सुरात आणायचं. एक दुपार. मला. अण्णांना त्याहून कमी."

"आणि कड घासायला?"

"ते काय, चहा गार होईपर्यंत."

ते स्टुलावर बसले. स्टूल धाकटीचं होतं. ती कधी उठली आणि तिने कधी ते पुढे सरकवलं, त्यांना कळलं नाही.

"बागेतला पहिला कार्यक्रम," ते म्हणाले. कोणाला म्हणून नाही. "अण्णा मागे उभे होते, झाडाला टेकून. लोकांनी तिथे टाळी दिली. पहिल्यांदा. कोणी सांगितलं नव्हतं, एका पोराने दिली आणि मग सगळ्यांनी. घरी आल्यावर अण्णा दारात चपला काढताना म्हणाले, 'थांबलास ते बरं केलंस.' मला वाटलं, मी त्यांचं बरोबर वाजवलं म्हणून म्हणतायत. मी त्यानंतर कधी कोणाला एक मात्रा हलवू दिली नाही. ट्रंपेटवाल्याला काढून टाकला होता मी. आठवतो का गं?"

"आठवतो. बरा होता," आत्या म्हणाली.

"खर्र त्याच्यानंतर बंद झालं. बागेनंतर." त्यांनी बोटाने फणीतली फट चाचपली, दात पडलेलं मूल जिभेने चाचपतं तशी. "त्यांना दात बसवता आला असता. त्यांनी कानस घेतली."

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली. दुरुस्तीला काहीतरी घेऊन आलेलं गिऱ्हाईक असावं. आत डोकावलं, आतले चेहरे पाहिले, आणि नंतर येतो अशी खूण करून गेलं.

लेक खाकरली.

"याचा कायद्याने अर्थ असा होतो," ती म्हणाली, "की अण्णांनी तुमच्या चालीवरून डबीत बदल केला. तुमची परवानगी न घेता."

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतायत की रडतायत हे क्षणभर कोणालाच कळेना. आधी आत्या हसली, मग ते हसतच होते हे ठरलं.

"दावा लावू का?" लेक म्हणाली.

"लाव. हरलीस तर घरी जेवण बंद."

त्यांनी खिशातून पेन काढलं. कागद मागितला. सही करण्याआधी त्यांनी तो वाचला. दुकानात सगळ्यांना घाम फुटेपर्यंत वाचला, कारण न वाचता सही करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि एका दुपारीत एकच स्वभाव बदलतो.

"इथे 'मूळ चाल' पुढे अण्णा आहेत. ठीक. याच्या खाली जागा आहे?"

"आहे," लेक म्हणाली. "मी मुद्दामच ठेवली होती."

"कधी?"

"आत्ता. तुम्ही हसत होतात तेव्हा."

तिने लिहिलं, *बँडसाठी रचना*, आणि पुढे वडिलांचं नाव. थोरले ते नाव दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं बघत राहिले. इतकी वर्षं कार्यक्रमाच्या फलकावर ते 'वाजवणार' या शब्दाखाली यायचं.

मग त्यांनी सही केली. आत्याने त्यांच्या हातातून पेन जवळजवळ ओढूनच घेतलं.


टिचकी

तिला वाटलं होतं, सही झाली की पळत सुटावं. कागद ताईच्या पिशवीत गेला, ताईने फोन कानाला लावला, आणि टिचकीचे पाय खोक्यावरून हलेचनात.

"काका, तुम्हाला अजून माझा सूर आवडत नाही ना?"

"नाही," ते म्हणाले. "मला तिथे काहीच आवडत नाही. मला टाळी आवडते."

"काढू का? आता काढू शकते. एका कडव्यात तरी."

तिने हे मनापासून विचारलं होतं. आणि उत्तर काय येईल, याची तिला भीती वाटत होती.

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं, ते तिच्याकडे बँडमधल्या माणसाकडे बघावं तसे बघतायत. वेळेवर शिरेल की नाही, असं.

"माझ्यासाठी काही काढू नकोस," ते म्हणाले. "मी अण्णांसाठी खूप काढलं. ट्रंपेटवाला धरून."

आत्याने डबीत तेलाचा थेंब सोडला होता, आता ती झाकण लावत होती. थांबली. "दादा, दात बसवू? आहे माझ्याकडे पोलाद. अण्णांचा सूर परत येईल."

"नको."

"विचार करून सांग."

"केला. अण्णांनीच केलाय."

धाकटीने चावी फिरवली. आजवर या डबीची चावी तिने कधी फिरवली नव्हती. जरा जास्तच फिरवली, आत्या ओरडली, तिने सोडली. चाल निघाली, तेल मिळाल्यामुळे मघापेक्षा झटपट. ताई फोनवर बोलता बोलता गप्प झाली, आणि पलीकडे कंपनीचा वकील हॅलो, हॅलो करत राहिला.

चाल चढली. वळली. टिचकीने पाहिलं, आईने दोन्ही तळहात वर घेतले होते. आत्याचे ओठ मिटलेले, पण गळ्यात कुठेतरी तो खालचा, साधा सूर तयार होता, अण्णांचा. थोरल्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला. कोणी सांगितलं नव्हतं. चाल ऐकली की तो उठायचाच.

ओळीचा शेवट आला. त्यांनी हात थांबवला, नेहमीसारखा, तळवा खाली, सगळ्या बागेला.

आणि मग, डबीकडेच बघत, डाव्या हाताचं एक बोट टिचकीसाठी उचललं, बँडमध्ये शिरायची खूण करतात तसं.